मायक्रोवेव्ह वर्णपटातून रेणूच्या आतला हायड्रोजन बंध ओळखायचा कसा

आधी एक गैरसमज काढून टाकू. हायड्रोजन बंध म्हणजे एका अणूला जोडलेल्या हायड्रोजनला जवळच्या दुसऱ्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनसारख्या अणूची लागलेली ओढ. मायक्रोवेव्ह वर्णपटात तो दिसत नाही. इन्फ्रारेडमध्ये ओएचच्या ताणकंपनाची रेघ खाली सरकलेली दिसते आणि ‘हा बघा बंध’ असं बोट दाखवता येतं. इथं तसं काही नाही. इथं कळतं ते एवढंच, की रेणू तीन अक्षांभोवती फिरवायला किती जड जातो. हाती येतात तीन आकडे, तेही अफाट अचूक. बंधाबद्दल जे काही म्हणायचं ते या तीन आकड्यांमधून आणि ते मुद्दाम थोडे हलवून काढावं लागतं.

नवीन माणूस नेमका इथंच घसरतो. संगणकावर काढलेली रचना आणि मोजलेले आकडे एका टक्क्यात जुळले की तो ‘बंध सिद्ध झाला’ म्हणून मोकळा होतो. एक टक्का ही जुळणी का पुरत नाही, ते पुढे हिशेबानेच दाखवतो.

सगळ्या लेखासाठी एकच रेणू घेतो: ग्लायकोलाल्डिहाइड. दोन कार्बन, दोन ऑक्सिजन, चार हायड्रोजन. एका टोकाला ओएच, दुसऱ्या टोकाला सीएचओ, आणि ओएचचा हायड्रोजन वळून सीएचओमधल्या, म्हणजे कार्बोनिलच्या, ऑक्सिजनकडे तोंड करून बसलेला. ऑस्लोच्या मार्स्टोक आणि मॉलेंडाल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा मायक्रोवेव्ह वर्णपट सोडवला, आणि २००० साली हाच रेणू आकाशगंगेच्या मध्याजवळच्या सॅजिटेरियस बी२ या वायुमेघात सापडला. लहान आहे, शिकायला उत्तम आहे, आणि त्याचे आकडे तुम्ही स्वतः पडताळू शकता.

तीन आकडे म्हणजे काय

वायूतला मोकळा रेणू मनाला येईल त्या वेगाने फिरत नाही, त्याच्या फिरण्याच्या ऊर्जेला ठरावीक पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर मायक्रोवेव्हच्या टप्प्यात येतं. पायऱ्या ठरतात ए, बी, सी या तीन रोटेशनल कॉन्स्टंटवरून, आणि प्रत्येक स्थिरांक म्हणजे ५०५३७९ भागिले त्या अक्षाभोवतीचा जडत्वाघूर्ण, म्हणजे रेणू फिरवायला किती जड जातो त्याचं माप. स्थिरांक मेगाहर्ट्झमध्ये आणि जडत्व ‘अणुवस्तुमान एकक गुणिले अँगस्ट्रॉमचा वर्ग’ या एककात धरायचं (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). हा ५०५३७९ पाठ करून टाका, रोज लागतो.

अट एकच: रेणूला कायमचा द्विध्रुव हवा, म्हणजे एक बाजू थोडी धन आणि दुसरी थोडी ऋण. बेंझीन कितीही शुद्ध आणलात तरी तो इथं गप्प बसतो.

पहिली पायरी: यंत्राकडे जाण्याआधी कागद

रेणूची शक्य तेवढी सगळी रूपं, म्हणजे एकेरी बंधांभोवती वळून होणाऱ्या त्याच्या ठेवणी, संगणकावर काढा: बंध असलेली आणि नसलेली, दोन्ही. नवखे लोक फक्त आपल्या आवडीचं रूप काढतात आणि मग तेच त्यांना ‘सापडतं’. प्रत्येक रूपासाठी एका तक्त्यात तीन गोष्टी लिहा: ए-बी-सी, सापेक्ष ऊर्जा, आणि द्विध्रुवाचे तीन घटक.

द्विध्रुवाचा रकाना लोक भरतात आणि विसरतात. साध्या शोषणात रेघेची तीव्रता द्विध्रुव घटकाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ग्लायकोलाल्डिहाइडचा बी अक्षावरचा घटक २.३३ डिबाय (द्विध्रुवाचं एकक) आहे आणि ए अक्षावरचा जेमतेम ०.२६. वर्गांचं गुणोत्तर ऐंशीच्या घरात जातं. म्हणजे ए-प्रकारच्या रेघा शोधत बसलात तर दिवस वाया. आधी बी-प्रकारच्या पकडायच्या.

दुसरी पायरी: नमुना

ग्लायकोलाल्डिहाइड बाटलीत मिळतं ते घन, आणि त्या स्फटिकांत दोन-दोन रेणू जोडून बसलेले असतात. तापवलं की जोडी सुटते आणि एकटा रेणू वायूत येतो. म्हणून नमुना नोझलच्या अगदी जवळ, तापवता येईल अशा छोट्या कप्प्यात ठेवायचा आणि त्यावरून वाहक वायू न्यायचा. फार तापवलं तर विघटन होतं. हळूहळू वाढवा आणि एका ओळखीच्या रेघेवर डोळा ठेवा. तापवल्यावर टिकतच नाहीत अशा घन पदार्थांसाठी लेझरचा मारा करून रेणू उडवतात. स्पेनमधल्या वायादोलिदच्या गटाने याच पद्धतीने एकामागून एक अमिनो आम्लं वायूत आणून मोजली.

वाहक वायू कोणता, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नोझलमधून निर्वातात फुटताना वायू थंड होतो आणि रेणूच्या फिरण्याचं तापमान एक-दोन केल्विनपर्यंत खाली येतं. वर्णपट त्यामुळे सुटसुटीत होतो. पण या गोंधळात रेणू एका रूपातून दुसऱ्यातही जातात. मधला अडथळा साधारण ४०० प्रति सेंटिमीटर (हे इथलं ऊर्जेचं एकक) यापेक्षा कमी असेल तर वरच्या ऊर्जेचं रूप खालच्यात उतरून पार नाहीसं होऊ शकतं. आर्गॉनमध्ये हे जास्त होतं, हेलियममध्ये कमी. एखादं रूप ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं लिहिण्याआधी वायू बदलून बघा.

एक सल्ला स्वतःच्या फजितीतून. एकदा मी जवळजवळ दोन आठवडे एका सुंदर, ठसठशीत रेघांच्या जोडीमागे होतो. कुठल्याच रूपात बसेना. शेवटी नमुना न घालता नुसता वायू सोडला, तर रेघा तिथंच. नळी धुताना वापरलेलं अ‍ॅसिटोन आत राहिलं होतं. तेव्हापासून रिकामा वर्णपट आधी, नमुना नंतर.

तिसरी पायरी: यंत्र निवडणं आणि तपासणं

१९४७ साली ह्यूज आणि विल्सन यांनी स्टार्क मॉड्युलेशनची, म्हणजे विद्युतक्षेत्र चालू-बंद करून रेघा पकडण्याची, पद्धत दिली आणि पुढची काही दशकं बहुतेक काम त्यावर चाललं. आता तुम्हाला बहुधा दोनपैकी एक यंत्र मिळेल.

एक, बाले आणि फ्लायगेअर यांनी इलिनॉय विद्यापीठात १९८०च्या आसपास घडवलेलं पोकळीचं यंत्र. समोरासमोर दोन आरसे, मधे वायूचा झोत, सूक्ष्मलहरींचा एक ठोका, आणि मग रेणूंनी परत सोडलेल्या क्षीण लहरी ऐकायच्या. रेघेची जागा एक-दोन किलोहर्ट्झपर्यंत कळते, पण एका वेळी एखादा मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा दिसतो. झोत आरशांच्या अक्षावरून सोडलेला असेल तर प्रत्येक रेघ डॉप्लरमुळे दुभंगलेली दिसते. घाबरू नका, खरी जागा दोन्हींच्या मधोमध.

दुसरं, व्हर्जिनिया विद्यापीठात ब्रुक्स पेट यांच्या गटाने आणलेलं चर्प यंत्र. यात काही मायक्रोसेकंदांत वारंवारता सरकवत नेणारा ठोका देतात आणि कित्येक गिगाहर्ट्झचा पट्टा एका दमात मिळतो. अचूकता थोडी कमी, पण रेघांच्या तीव्रता एकमेकींशी ताडता येतात. निवड करायला मिळाली तर मी आधी चर्पवर रान पालथं घालीन आणि मग दुबळ्या, दाट किंवा दुभंगलेल्या रेघांसाठी पोकळीकडे जाईन.

यंत्र जागेवर आहे की नाही हे बघायला कार्बोनिल सल्फाइड वापरा, निऑनमध्ये एखादा टक्का. त्याची पहिली रेघ १२१६३ मेगाहर्ट्झवर यायला हवी. मग १२१२४ च्या आसपास कार्बन-१३ वाल्या रेणूची रेघ शोधा. निसर्गात असा कार्बन फक्त १.१ टक्का असतो. ती दिसली तर यंत्राची संवेदनशीलता समस्थानिकांच्या कामाला पुरेशी आहे, नाही दिसली तर सहाव्या पायरीचा विचार आत्ताच सोडा. वायू विषारी आहे, पंपाची हवा खोलीत सोडू नका.

चौथी पायरी: रेघांना नावं देणं

खरा वेळ इथं जातो आणि खरी मजाही इथंच आहे.

रेघा एकेकट्या ओळखायला जाऊ नका, ठेवण ओळखा. ग्लायकोलाल्डिहाइडच्या बी-प्रकारच्या रेघांची एक शिडी आहे: १३.४८, १५.१८, १७.९८, २२.१४ गिगाहर्ट्झ. मधली अंतरं १.७०, २.८०, ४.१६, म्हणजे प्रत्येक वेळी रुंदावत जाणारी. संगणकाचं भाकीत शंभर-दीडशे मेगाहर्ट्झने चुकलं तरी ही रुंदावत जाण्याची चाल तशीच राहते, आणि डोळ्याला तीच सापडते.

पण इथं एक सापळा आहे. या चारही रेघांत ‘जे’ ही एकूण फिरण्याची क्वांटम संख्या बदलत नाही, आणि अशा रेघा फक्त ए-वजा-सी हा फरक आणि रेणूची असममिती एवढंच सांगतात. चार रेघा, तीन अज्ञात, म्हणजे सुटलं असं वाटतं. सुटलेलं नसतं. ए, बी, सी वेगवेगळे हवे असतील तर ‘जे’ बदलणारी निदान एक रेघ लागते. १०.९३ गिगाहर्ट्झजवळ अशी एक आहे. ती शिडीसोबत बसली की गाडी रुळावर येते.

पुढचं काम पिकेट यांच्या एसपीफिट-एसपीकॅट किंवा पीगोफर या प्रोग्रॅमवर. ओळखलेल्या रेघा भरा, स्थिरांक काढा, नव्या रेघांचं भाकीत घ्या, त्या शोधा, पुन्हा भरा. भाकीत केलेली नवी रेघ सांगितल्या जागी मिळणं हाच ओळख बरोबर असल्याचा खरा पुरावा. आधीच हातात असलेल्या रेघा कशाही बसवता येतात. वेगाने फिरताना रेणू थोडा ताणला जातो, त्यासाठीचे जादा स्थिरांक गरज पडल्यावरच घाला. चुकीची ओळख लपवायला ते फार उपयोगी पडतात, म्हणून सांगतो.

पाचवी पायरी: जडत्वाचा हिशेब

आता आकडे हातात आहेत: ए १८४४६.२६, बी ६५२५.९९, सी ४९६९.२४ मेगाहर्ट्झ. ५०५३७९.०७ ला एकेकाने भागा. जडत्वाघूर्ण येतात २७.३९७, ७७.४४१ आणि १०१.७०१.

पहिल्या दोघांची बेरीज करा, तिसरा वजा करा, निम्मे करा: १.५६८.

या एका आकड्यात बरंच काही आहे. प्रत्येक अणूचं वस्तुमान गुणिले त्याच्या ए-बी पातळीपासूनच्या (ए आणि बी अक्ष ज्यात आहेत त्या सपाट प्रतलापासूनच्या) अंतराचा वर्ग, अशी सगळ्या अणूंची ती बेरीज आहे. रेणू पूर्ण सपाट असता तर उत्तर शून्याजवळ आलं असतं. आता सीएच२ गटाचा विचार करा. त्याचे दोन हायड्रोजन पातळीच्या वर-खाली साधारण ०.८९ अँगस्ट्रॉमवर असतात. त्यांचा वाटा: दोन गुणिले १.००८ गुणिले ०.७९, म्हणजे १.६ च्या जवळ. मोजलेला आकडा एवढ्यातच संपला. म्हणजे पातळीबाहेर दुसरं कोणीच नाही. कार्बन, ऑक्सिजन, आणि ओएचचा हायड्रोजनसुद्धा पातळीत आहे. ओएच तिरका उभा असलेली सगळी रूपं एका वजाबाकीत बाद झाली.

मला अजूनही हा हिशेब कागदावर करायला आवडतो.

मात्र बंध अजून सिद्ध नाही. ओएच पातळीत आहे हे कळलं, तोंड कुठं आहे ते कळलं नाही. कार्बोनिलकडे वळलेला आणि पाठ फिरवलेला, दोन्ही ओएच पातळीतच असतात. दोन ऑक्सिजन विरुद्ध टोकांना असलेलं लांबट रूप मात्र ए-बी-सी वरूनच जातं, कारण त्यात ए बराच वाढतो आणि बी-सी घटतात.

सहावी पायरी: हायड्रोजनला जड करणं

आता सुरुवातीला ठेवलेला हिशेब. समजा ओएचचा हायड्रोजन बी अक्षापासून २ अँगस्ट्रॉमवर आहे आणि तो ०.१ ने सरकला. जडत्व बदलेल १.००८ गुणिले (४.४१ वजा ४), म्हणजे ०.४१. एकूण ७७.४४ च्या तुलनेत हा अर्धा टक्का, स्थिरांकात ३५ मेगाहर्ट्झ. यंत्राला ३५ मेगाहर्ट्झ म्हणजे डोंगर. पण संगणकाच्या भाकितातली चूकच एक टक्का, म्हणजे ६५ मेगाहर्ट्झ असू शकते. ज्या अणूसाठी सगळा खटाटोप, त्याचीच हालचाल भाकिताच्या चुकीत बुडून जाते. म्हणून ‘एका टक्क्यात जुळलं’ याला या प्रश्नात किंमत नाही.

उपाय असा, की भाकिताशी तुलनाच करायची नाही. रेणूची तुलना त्याच्याच थोड्या जड जुळ्या भावाशी करायची. ओएचचा हायड्रोजन काढून ड्यूटेरियम, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजन, घालायचा. हे सोपं असतं: जड पाण्याशी संपर्क आला की ओएचची अदलाबदल आपोआप होते. आधी नळीतून जड पाण्याची वाफ फिरवून भिंती मुरवून घ्या, नाहीतर भिंतींवरचं साधं पाणी तुमचा ड्यूटेरियम परत काढून घेतं. मग नवे ए-बी-सी मोजायचे. दोन्ही संचांच्या फरकातून, क्रेचमन यांनी १९५३ साली दिलेल्या समीकरणांनी, त्या एका अणूची जागा निघते. बाकीच्या रेणूची रचना माहीत असण्याची गरज नाही.

पाचव्या पायरीचा हिशेब ड्यूटेरियमवाल्या रेणूवर पुन्हा करा. हायड्रोजन खरंच पातळीत असेल तर १.५६८ जवळजवळ हलणार नाही. तो अर्धा अँगस्ट्रॉम बाहेर असता तर आकडा ०.२५ ने वाढला असता. आणि पातळीतल्या अंतरावरून तोंड कुठं ते कळतं: आत वळलेला हायड्रोजन रेणूच्या केंद्राजवळ असतो, पाठ फिरवलेला दूर.

तीन इशारे. समीकरणं निर्देशांकाचा आकडा देतात, चिन्ह देत नाहीत. वर की खाली, डावा की उजवा, ते तुम्ही ठरवायचं. अणू एखाद्या अक्षाला चिकटून असेल तर निर्देशांकाचा वर्ग ऋण येतो. तो शून्य समजा आणि मोठी अनिश्चितता लिहा. आणि हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम घातला की हायड्रोजन बंधाची लांबी स्वतःच थोडी बदलते. त्यामुळे दशांशानंतरच्या तिसऱ्या अंकावर या एका अणूच्या बाबतीत छाती ठोकू नका.

आणखी साक्षीदार

नायट्रोजन असलेल्या रेणूंत एक फुकटची सोय असते. नायट्रोजन-१४ च्या केंद्रकामुळे प्रत्येक रेघ बारीक फुटते, आणि फूट कशी पडली त्यावरून नायट्रोजनची एकाकी इलेक्ट्रॉनजोडी कुठल्या दिशेला आहे ते कळतं. ओएचचं तोंड नायट्रोजनकडे आहे असा दावा असेल तर ही साक्ष घेतल्याशिवाय थांबू नका. २-अमिनोइथेनॉलमधला असा बंध पेन आणि कर्ल यांनी १९७१ साली अभ्यासला. हे कर्ल म्हणजे पुढे फुलरीनसाठी १९९६चं नोबेल मिळालेले रॉबर्ट कर्ल.

कधी कधी बंधातला हायड्रोजन एका जागी थांबतच नाही. मॅलोनाल्डिहाइडमध्ये तो दोन ऑक्सिजनांच्या मधल्या अडथळ्यातून बोगदा काढल्यासारखा आरपार जातो, आणि त्याबरोबर एकेरी-दुहेरी बंधांची अदलाबदल होते. हार्वर्डच्या ब्राइट विल्सन यांच्या गटाने हे मायक्रोवेव्हमधून उलगडलं. ऊर्जेची पायरी त्यामुळे २१.६ प्रति सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ६४७ गिगाहर्ट्झने दुभंगते. तिथं ड्यूटेरियम घातला की ही फूट २.९ वर येते. जड अणूला बोगदा अवघड जातो. तेव्हा रेघांच्या जोड्या दिसल्या आणि ड्यूटेरियमने त्या एकदम जवळ आल्या, तर हायड्रोजन हलतोय हे समजा. इथिलीन ग्लायकॉलमध्ये दोन ओएच देणारा-घेणारा या भूमिका आपसांत बदलतात. त्याच्या एका रूपात ही फूट सात गिगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे जोडीतली दुसरी रेघ तुमच्या पट्ट्याच्या बाहेरही असू शकते.

आणि ग्लायसीनची गोष्ट प्रत्येक नवख्याला माहीत हवी. १९७८ साली ऑस्ट्रेलियात ब्राउन यांच्या गटाला आणि अमेरिकेत सूनराम-लोव्हास यांना त्याचं एक रूप सापडलं: ओएचचा हायड्रोजन नायट्रोजनला बांधलेलं. साहजिक वाटलं की हेच सर्वांत स्थिर. संगणकवाले मात्र दुसऱ्याच रूपाला कौल देत होते, आणि तेच बरोबर निघाले. स्थिर रूपाचा द्विध्रुव एक डिबायच्या आसपास, बांधलेल्या रूपाचा पाचाच्या वर. कमी संख्येने असूनही त्याचा आवाज मोठा होता. स्थिर रूप नंतर, १९८० च्या सुमारास मोजलं गेलं. तीव्रतेला द्विध्रुवाच्या वर्गाने भागल्याशिवाय कोणतं रूप किती आहे यावर एक ओळही लिहू नका.

दावा किती करायचा

आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची हायड्रोजन बंधाची नवी व्याख्या २०११ साली आली. ती ठरवणाऱ्या गटाचे अध्यक्ष होते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन, जे स्वतः मायक्रोवेव्हवालेच. त्यात बंधाचा कोन ११० अंशांच्या वर असावा अशी अपेक्षा आहे. रेणूच्या आतल्या पाच अणूंच्या कड्यांत कोन १२० अंशांच्या आसपास अडकून पडतो, कारण सांगाडा त्याला सरळ होऊच देत नाही. ग्लायकोलाल्डिहाइडमध्ये हायड्रोजन ते ऑक्सिजन हे अंतर सुमारे २ अँगस्ट्रॉम आहे, व्हॅन डर वॉल्स त्रिज्यांच्या (बंध नसलेले अणू किती जवळ येतात त्याच्या मापांच्या) २.७ या बेरजेपेक्षा खूपच कमी. पण एवढं जवळ येणं हे बंधामुळे की नुसत्या भूमितीमुळे, याचं उत्तर फक्त अंतर देत नाही. म्हणून लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेवा. ‘हायड्रोजन इथं आहे, अंतर एवढं, कोन एवढा’ हे मोजमाप. ‘म्हणून बंध आहे’ हा अर्थ, आणि त्यासाठी द्विध्रुव, ड्यूटेरियम, नायट्रोजनची फूट, रूपांच्या ऊर्जा यांतल्या निदान दोन साक्षी जोडा.

हे झाल्यावर ओळखलेल्या सगळ्या रेघा वर्णपटातून पुसून उरलेल्या बघा. कार्बन-१३ च्या रेघा तिथं असतील, आणि बहुधा पाण्याच्या अंशामुळे बनलेली रेणू-पाणी जोडीही. ग्लायकोलाल्डिहाइडच्या अशा जोडीत पाणी ओएच आणि कार्बोनिलच्या मधे शिरतं आणि तुम्ही एवढ्या कष्टाने पकडलेला आतला बंध सोडवून दोघांनाही स्वतःशी बांधून घेतं. तिचे ए-बी-सी पूर्ण वेगळे असतात, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून.